न आलेला फोन

(एका वाचक ताईंचं हे पत्र बरंच मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते आहे.)

वय ४१. एका कंपनीच्या डिस्पॅच विभागात नऊ वर्षं. कोणता माल, कोणत्या गाडीत, कोणत्या गोदामाला, कधी, हे ठरवायचं काम. हात बसलेला आहे, पगार वेळेवर होतो. दीड वर्षापूर्वी साहेब बदलले आणि त्याच सुमारास सगळं नव्या सिस्टिमवर गेलं. पूर्वी रोज सकाळी गोदामात फोन करून गाड्या ठरायच्या, आता स्क्रीनवर ठरतात. जुने साहेब टेबलापाशी येऊन बोलायचे. नवे समोरच्या केबिनमधून मेल टाकतात, तेही एका ओळीचे. विक्रीवाले फोन करतात ते ओरडायलाच. विभागात सगळी नवी मुलं, कानात इअरफोन. एकच मैत्रीण उरली आहे. "जेवणाच्या सुट्टीतला तो पाऊण तास नसता तर मी केव्हाच नोकरी सोडली असती." पण जेवून आल्यावर तासभर स्क्रीनवर नजर ठरत नाही, आणि संध्याकाळी मुलीने काही विचारलं तरी उत्तर द्यायचं त्राण नसतं. गेल्या तीन महिन्यांत दोन चुका झाल्या. मोठी चूक दुपारी अडीचची: भरलेली गाडी भलत्याच गोदामाला गेली. "नंतर लोडिंग बघणारे काका म्हणाले, मला शंका आलीच होती मॅडम, पण म्हटलं तुम्हीच टाकलंय तर बरोबरच असेल." शेवटी त्या लिहितात: "मला कामाचा कंटाळा नाही, माणसांचा आलाय. कुणाच्या पुढे-पुढे करणं माझ्या स्वभावात नाही. माणसं नशिबाने मिळतात, मला या वेळी वाईट मिळाली. राजीनामा द्यावा का?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. साहेबांवर दीड पान आहे. विक्रीवाल्यांवर एक. लोडिंगवाले काका मात्र एका वाक्यात येऊन जातात, झालेल्या चुकीची साक्ष द्यायला बोलावल्यासारखे. मला विचाराल तर तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्यांचंच आहे. तिकडे येतेच. आधी तब्येतीचं उरकून टाकू.

तीन-तीन महिने त्राण नसेल तर थकव्याचं खापर माणसांवर फोडण्याआधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२. अंगात रक्त कमी असेल तर जगातला सगळ्यात गोड साहेबही खडूस वाटतो. दुसरं, 'बर्नआउट' हा शब्द तुम्ही पत्रात वापरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याचं वर्णन दिलं. तो आजार मानलेला नाही, दीर्घकाळच्या कामाच्या ताणातून येणारी स्थिती असं म्हटलं आहे. त्याच्या खुणा तीन: गळून जाणं, कामापासून मन उडणं, आणि हातून पूर्वीसारखं काम न होणं. तिन्हींची चाहूल तुमच्या पत्रात लागते. पत्रावरून निदान करणारी मी कोणी नाही, पण झोप उडाली असेल किंवा विनाकारण रडू येत असेल तर माझ्या उत्तरावर थांबू नका, समुपदेशकाला भेटा.

आता ती गाडी.

हीच चूक दोन वर्षांपूर्वी झाली असती तर काय झालं असतं? सकाळी तुमचा फोन असताच. काका म्हणाले असते, "मॅडम, हा माल तिकडे कसा काय?" तुम्ही यादी बघितली असती, जीभ चावली असती, गाडी फिरली असती. चूक झाली असती आणि पाच मिनिटांत मिटली असती. तिची आठवणही राहिली नसती.

मग मधल्या काळात काय झालं? कुणी भांडलं नाही. कुणी तोडलं नाही. सिस्टिम आली, काम सोपं झालं आणि सकाळचा फोन आपोआप बंद पडला. त्या फोनमध्ये गाड्यांचे नंबर असायचे, शिवाय कितीतरी फुटकळ गोष्टी. आज आवाज बसलाय का. तिकडचा पूल बंद आहे म्हणतात. अमुक ड्रायव्हर आज नको, रात्रभर गाडी चालवून आलाय. या फुटकळ बोलण्यावर एक मोठी गोष्ट तोलून होती: मॅडमना अडवायचा आपल्याला हक्क आहे, असं काकांना वाटत होतं. नंबर सिस्टिमवर गेले. हक्क सिस्टिमवर जात नसतो, तो तसाच विरून गेला. म्हणून त्या दुपारी काकांना शंका आली, फोन खिशात होता, आणि तरी त्यांनी तो काढला नाही.

ऑफिसातले संबंध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोडीगुलाबी येते. वाढदिवस, सहली, एकत्र फोटो. ते असलं तर छान, नसलं तर काही अडत नाही, आपण कामाला येतो, असं आपण मानतो. तुम्हीही पत्रात तेच मानलं आहे. पण न आलेल्या त्या फोनची किंमत बघा: एक भरलेली गाडी, तिची परतीची फेरी, आणि त्यानंतर तुम्ही प्रत्येक नोंद तीन-तीनदा तपासता त्यात जाणारा जीव. तुमच्या थकव्याचा बराच भाग इथून येतो असं मला वाटतं. पूर्वी तुमच्या कामावर चार डोळे होते, आता दोनच आहेत. दोघांचं लक्ष एकटीने ठेवायचं म्हणजे दमणूक होणारच.

यावर एक जुना अभ्यास आठवतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधं देण्यातल्या चुका बघत होत्या. ज्या वॉर्डातल्या लोकांचं एकमेकांत चांगलं जमतं तिथे चुका कमी सापडतील अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले. जिथे जमतं तिथेच चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला तो असा, की तिथले लोक चूक दिसली की बोलत होते, बाकीच्या ठिकाणी गिळून टाकत होते. पुढे १९९९ च्या त्यांच्या निबंधामुळे 'मानसिक सुरक्षितता' हा शब्द कंपन्यांत रुळला. आता तो इतका रुळलाय की भिंतीवरच्या पोस्टरवर दिसतो आणि कुणी वाचत नाही. पण मूळ गोष्ट साधी आहे: "मॅडम, हे चुकलंय" असं म्हणायला समोरच्याला धीर करावा लागतो की नाही?

आता तुमचं नशीब. माणसं आपण निवडत नाही, हे मान्य. पण त्यांच्याशी कशाबद्दल बोलायचं, आधी कोणी बोलायचं, फोनवर की मेलवर, दिवसाच्या कोणत्या वेळी, हे बरंचसं आपल्याकडे असतं आणि तेही आपण नशिबाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. एमी रेझ्नेव्स्की आणि जेन डटन या दोन संशोधक बायकांनी २००१ मध्ये याला 'जॉब क्राफ्टिंग' म्हटलं. आपलं काम आपल्या हाताने थोडंथोडं घडवत जाणं. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात त्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलल्या. काम सगळ्यांचं एकच. काहींनी ते फरशी आणि कचरा एवढंच सांगितलं. काहीजण मात्र रुग्णांशी, नातेवाइकांशी, परिचारिकांशी आपणहून बोलत, कुणाला भेटायला कोणीच येत नाही हे ध्यानात ठेवत. एकजण बेशुद्ध रुग्णांच्या खोल्यांतल्या भिंतींवरची चित्रं अधूनमधून इकडची तिकडे लावायची. कुणी सांगितलं नव्हतं. कामाच्या यादीतही नव्हतं. या दुसऱ्या गटाला आपलं काम जास्त मोलाचं वाटत होतं.

कामाच्या तीन गोष्टींना असा हात लावता येतो, असं त्या दोघी म्हणतात: कामाचा आवाका, कामानिमित्त येणारे संबंध, आणि कामाकडे बघायची नजर. मला मधली गोष्ट सगळ्यात उपयोगाची वाटते, कारण तिला कुणाची सही लागत नाही.

(जाता जाता: कंपन्यांना ही कल्पना फार आवडते, कारण ती फुकट आहे. 'तुमचं काम तुम्हीच घडवा' म्हणत चौघांचं काम दोघांवर टाकायचं, असेही प्रकार होतात. माणसं कमी असतील तर माणसं मागा. संबंध सुधारून तिसऱ्या माणसाचं काम होत नसतं.)

आणि ते पुढे-पुढे करणं. तुम्ही हा शब्द पत्रात चार वेळा वापरला आहे, म्हणजे तो कुठेतरी सलतोय. पुढे-पुढे म्हणजे कुणाच्या पुढे? नेहमी वरच्याच्या. मी सांगणार आहे तो पहिला फोन गोदामात करायचा आहे. त्याने कुणाला बढती मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. चमचेगिरीत बोलण्याचा विषय साहेब असतो, इथे विषय गाडी आहे. राहिला स्वभाव. तुम्हाला घोळक्यात बोलायला जमत नाही, एवढंच तुमच्या पत्रातून दिसतं. रोज सकाळी फोन करून अनोळखी ड्रायव्हरांची सुखदुःखं ऐकणारी बाई तुम्हीच होता ना? सात-साडेसात वर्षं?

एक वही करा. दोन आठवड्यांपुरती, फार तर वीस पानी. ऑफिसात कुणाशी बोलणं झालं की वेळ आणि नाव लिहा आणि पुढे अधिक, उणे किंवा शून्य. कारणं लिहू नका. कारणं लिहायला बसलं की आपण वकिली सुरू करतो. मात्र खूण दोनदा करायची: एकदा बोलणं झाल्या झाल्या आणि एकदा तासाभराने.

ही युक्ती निम्मी उसनी आहे. रॉब क्रॉस, वेन बेकर आणि अँड्र्यू पार्कर यांनी २००३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात कंपन्यांमधल्या लोकांना एकेका सहकाऱ्याबद्दल विचारलं होतं: याच्याशी बोललं की तुमच्या अंगात जोर येतो की जातो? उत्तरांवरून त्यांनी नकाशे काढले. ज्यांच्याशी बोलून इतरांना जोर येतो त्यांचं स्वतःचं कामही सरस दिसलं. गंमत म्हणजे ही माणसं हसरी-बोलकी, मैफल जिंकणारी असतातच असं नाही. ती बोलताना तुमच्याकडे बघतात, दिलेला शब्द पाळतात, आणि अडचण मांडली तर 'मग काय करता येईल' या प्रश्नावर येतात. यातलं काहीच स्वभावावर अवलंबून नाही.

तासाभराने दुसरी खूण करायला सांगितली ती माझी भर. तिचं कारण तुम्हाला कदाचित आवडणार नाही.

माझा अंदाज आहे की तुमच्या वहीतली सगळ्यात चकवणारी नोंद मैत्रिणीच्या नावापुढे येईल. जेवून उठताना ठसठशीत अधिक, आणि तासाभराने उणे. तुम्हीच लिहिलंय, जेवून आल्यावर नजर ठरत नाही. गाडीची चूक अडीचची. दुपारची सुस्ती सगळ्यांनाच असते, तेव्हा संबंध असेलच असं मी म्हणत नाही, पण त्या पाऊण तासात तुम्ही काय बोलता ते आठवून बघा. साहेबांचा सकाळचा मेल, त्यातला 'एएसएपी' (म्हणजे 'लवकरात लवकर'), तो कुणाला उद्देशून होता, मागच्या महिन्यात त्यांनी असंच केलं होतं, जुने साहेब असते तर. म्हणजे सकाळी एकदा सोसलेलं दुपारी पुन्हा सोसायचं, तेही साक्षीदारासह. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोज यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीत हेच पाहिलं होतं: एकच दुखणं मिळून उगाळत बसणाऱ्यांची मैत्री घट्ट असते आणि त्यांच्यात उदासीही जास्त असते. दोन्ही एकदम. म्हणून तर ते सोडवत नाही. मोठ्यांचं काही वेगळं असतं असं मला वाटत नाही.

मैत्रीण सोडू नका, काहीतरीच! ती आहे म्हणून तुम्ही तिथे टिकला आहात. फक्त त्या सुट्टीची वाटणी बदला. तिला सांगा, "दहा मिनिटं साहेबांना, उरलेली आपल्याला." हसत सांगा, पण घड्याळ लावा. ती रागावेल असं वाटत असेल तर माझी पैज, तीही दमलेली आहे. आठवड्यातून दोनदा जेवणानंतर दोघी बाहेर चक्कर मारून या. चालताना माणूस तेच ते कमी उगाळतं, का कोण जाणे.

आता विक्रीवाले. तुम्ही लिहून पाठवलेला तो साडेचारचा संवाद वाचून मला हसू आलं, माफ करा:

"माल निघाला का?"
"सिस्टिमवर दिसेल तुम्हाला."
"सिस्टिमवर प्रोसेसिंग दिसतंय."
"म्हणजे निघेल."
"अहो, पण कधी?"

आणि मग आवाज चढतो. ताई, यात ओरडणारा माणूस वाईट आहे की नाही मला ठाऊक नाही, पण त्याला काहीच माहीत नाही हे नक्की दिसतं. तिकडे गिऱ्हाईक त्याला धारेवर धरून बसलंय आणि याच्याकडे सांगायला 'प्रोसेसिंग' एवढा एकच शब्द. तुमच्याकडे मात्र उत्तर साडेअकरालाच तयार असतं.

मग साडेअकराला तुम्हीच फोन करा. सगळ्यांना नको, एकालाच, आणि सगळ्यात कमी ओरडणाऱ्याला. सुरुवात सोपीकडून करावी. "तुमच्या दोन ऑर्डरींपैकी एक आज निघते, दुसरी उद्या सकाळी. गिऱ्हाइकाला आत्ताच सांगून ठेवा." पाऊण मिनिटाचं बोलणं. वाईट बातमी असली तरी ती सकाळी दिलीत तर ती माहिती असते, तीच साडेचारला दिली की कबुलीजबाब होतो. आठवडाभर करून बघा आणि वहीत त्याच्या नावापुढे काय खुणा येतात ते बघा. मग दुसरा. आणि काहीजण खरोखरच ओरडण्यासाठी फोन करतात, त्यांनाही मी ओळखते. तिथे संबंध वगैरे घडवायच्या फंदात न पडता "आवाज खाली आला की बोलू" म्हणून फोन ठेवायचा आणि माहिती मेलवर टाकायची.

विक्रीतल्या एखाद्याशी जरा सूत जमलं की त्याला एक गोष्ट मागा: माल जिथे पोचतो तिथल्या माणसाशी एकदा बोलणं करून दे. ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ मधला एक प्रयोग आहे. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणारे लोक होते. दिवसभर नकार ऐकायचं काम. त्यातल्या काहींना, त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी जेमतेम पाच-दहा मिनिटं बोलू दिलं. महिन्याभराने पाहिलं तर ते फोनवर पूर्वीच्या दुपटीहून जास्त वेळ घालवत होते आणि देणग्याही दुपटीहून जास्त आणत होते. ज्यांना त्याचं फक्त पत्र वाचायला दिलं होतं त्यांच्यात असा फरक पडला नाही. माणूस दिसावा लागला. तुम्ही नऊ वर्षांत हजारो गाड्या रवाना केल्या. दुसऱ्या टोकाला गाडीचं दार उघडणारा माणूस कधी बघितलाय?

साहेब शेवटी घेतले, कारण तिथे माझाच एक जुना किस्सा आहे. फार पूर्वी एका कचेरीत होते तेव्हा माझे वरिष्ठ माझ्या प्रत्येक लांबलचक टिपणाला एकच उत्तर द्यायचे: 'बघतो.' आठ महिने मी त्या 'बघतो'चे अर्थ लावत होते. बघतो म्हणजे नको? बघतो म्हणजे तुला बघतो? मग एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभाचं आमंत्रण सगळ्यांना गेलं, आणि त्यालाही साहेबांचं उत्तर आलं, 'बघतो.' आले की समारंभाला, सगळ्यांच्या आधी.

तुमचे साहेब तसेच असतील असं नाही. पण एका ओळीच्या मेलमध्ये सूर नसतो. तो आपण भरतो, आणि दमलेलं माणूस नेहमी वाईट सूर भरतं. तुम्ही त्यांना दीड वर्षात समोरासमोर काही मागितलं आहे का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. मागितलं तर समोरचा नाही म्हणेल हा आपला हिशेब सहसा चुकतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्ये यावर प्रयोग केले: लोकांना अनोळखी माणसांकडे मदत मागायला लावली, आणि किती जणांना विचारावं लागेल याचा आधी अंदाज घेतला. प्रत्यक्षात अंदाजापेक्षा कितीतरी कमी जणांना विचारून काम झालं.

तेव्हा मोघम तक्रार नको, नेमकी मागणी करा. असं काहीतरी: "साहेब, सोमवारी सकाळी दहा मिनिटं मिळतील का? आठवड्याच्या गाड्यांचा क्रम तुमच्याशी बोलून लावते, म्हणजे मधले मेल टळतील." यात त्यांचाही फायदा आहे आणि तो लगेच दुसऱ्याच वाक्यात दिसतो. नाही म्हणाले तर मेलच, पण तुमचे प्रश्न असे लिहा की एका ओळीतलं उत्तर पुरेल: 'दोन पर्याय आहेत, मी पहिला धरते आहे, चारपर्यंत तुमचं वेगळं मत नसेल तर गाडी लावते.' त्यांची सवय बदलत नसेल तर तिच्या मापाचा कपडा शिवायचा. जुन्या साहेबांशी तुलना मात्र थांबवा. ते गेले.

इअरफोनवाल्या मुलांसाठी वेगळं काही नाही. त्यातल्या एकाला म्हणा, सिस्टिमवर हे अमुक मला येत नाही, दाखव. इअरफोन निघतात.

हे सगळं एकदम करायला घेऊ नका. संबंध जपायलाही जीव खर्च होतो, आणि मनात नसताना चेहरा हसरा ठेवायचे कष्ट तर फार. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून या कष्टांना 'भावनिक श्रम' असं नाव दिलं. तुम्हाला कुणाशी खोटं हसायला मी सांगत नाही. साडेअकराचा फोन कपाळाला आठ्या घालून केला तरी चालतो, वेळेवर केला म्हणजे झालं.

याच अडचणीतल्या इतरांसाठी, आणि हे वाचणाऱ्या साहेबांसाठीही, एक गोष्ट. नवी सिस्टिम आणताना कोणकोणते फोन बंद होणार याची यादी कुणी करत नाही. किती वेळ वाचला ते मोजतात. त्या फोनमध्ये कामाशिवाय काय चालायचं ते माणसं गप्प झाल्यावर कळतं. घरून काम करणाऱ्यांचंही तेच आहे. तिथे तर जिन्यातली भेटसुद्धा गेली. आठवड्यातून एकदा, स्क्रीनवर सगळं दिसत असतानाही, "यात काही खटकतंय का?" असं तोंडाने विचारायचं, आणि कुणी 'हो' म्हणालं तर त्याला तिथल्या तिथे खोटं पाडायचं नाही. दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे.

राजीनाम्याबद्दल. कुणी अपमान करत असेल, धमकावत असेल, बाई म्हणून त्रास देत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे लेखी तक्रार आणि बाहेरची वाट. असला संबंध 'घडवणं' ही तुमची जबाबदारी नाही. कामच दोन माणसांचं असेल तर तेही वहीने सुटणार नाही. पण तुमच्या पत्रात मला यातलं काही दिसलं नाही. मला दिसली ती एक-एक करून बंद पडत गेलेली बोलणी. तीन महिने द्या. मधल्या काळात दुसरी नोकरी जरूर बघा, चोरून वाटायचं कारण नाही. दार उघडं आहे हे माहीत असलं की खोलीत बसवतं. मात्र आज, या थकव्यात, सही करू नका. नव्या ठिकाणीही सिस्टिम असेल, केबिन असेल, आणि पहिलं वर्षभर तिथे तुमची चूक दाखवायला कुणी काकाही नसतील.

तेव्हा वहीच्याही आधी, उद्या सकाळी, गोदामात फोन करा. कारण शोधत बसू नका, यादी समोर ठेवा आणि लावा. गाड्यांचं बोलून झालं की एवढंच म्हणा: "काका, त्या दिवशी तुम्हाला शंका आली होती ना, तसं पुन्हा वाटलं तर मला लगेच फोन करायचा. मी चिडले तरी करायचा." आणि मग गप्प राहा, त्यांना बोलू द्या. ते काय म्हणाले, मला कळवा.